विमानाचा प्लग आणि गॅरेजचा हात

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मध्येच कुणी वाचायला बसलं तरी कळेल. वडिलांचं अमळनेरला दुचाकीचं गॅरेज, शाळेत असल्यापासून तुझे हात ग्रीसने काळे. आता तू एएमईचं, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं, शिक्षण घेतोयस आणि पुढच्या आठवड्यात सेसना १७२ नावाच्या एका छोट्या विमानाची शंभर तासांची तपासणी आहे. आठही स्पार्क प्लग तू काढायचे, साफ करायचे, परत बसवायचे. तुझे सर शेजारी उभे राहून बघणार. तू लिहितोस, "सर, हजारभर प्लग बदललेत मी. यात वेगळं काय आहे? टॉर्क रेंच लागतोच का? खालचेच प्लग घाण का निघतात? आणि बाबांचा टॉर्क रेंच नेला तर चालेल का?" (टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक करणारा पाना.)

माझी या कामात सत्तावीस वर्षं गेली, त्यातली निम्म्याहून अधिक शिकाऊ वैमानिकांच्या विमानांवर. आपल्याकडे शिरपूर, धुळ्याजवळचं गोंदूर, जळगाव अशा धावपट्ट्या झाल्यापासून गॅरेजमधून आलेली तुझ्यासारखी पोरं खूप भेटतात. त्यांना मी एकच सांगतो. गॅरेजचा हात प्लग काढताना आणि वाचताना सोन्यासारखा आहे, बसवताना मात्र तोच हात दगा देतो. कुठे त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे ओळखलंस की निम्मं काम झालं.

सुरुवात प्लगपासून नाही, मॅग्नेटोपासून करू, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या यंत्रापासून. बाबांना लुना आठवत असेल. लुनाची किल स्विचची वायर तुटली की गाडी बंद व्हायची नाही, कारण स्विच मॅग्नेटोला अर्थ करून, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडून, गप्प करायचा. वायरच तुटली तर गप्प कोण करणार? विमानाचं तेच आहे. चावी "ऑफ" म्हणजे दोन्ही मॅग्नेटोंच्या पी-लीड, म्हणजे मॅग्नेटोकडून चावीकडे येणाऱ्या वायर, तशाच अर्थ झाल्या, एवढंच. त्यातली एक सैल झाली असेल तर चावी तुझ्या खिशात असतानाही पंखा (प्रॉपेलर) हाताने जरासा फिरवला की ठिणगी पडते, आणि सिलिंडरात थोडं इंधन उरलं असेल तर पंखा फिरतो. म्हणून पायलट इंजिन बंद करण्याआधी आयडलवर चावी क्षणभर ऑफ करून इंजिन मरतंय ना, हे बघतो. ते बघितलं होतं का, हे तू विचार. मिक्श्चर (इंजिनाला किती इंधन जाणार ते ठरवणारी दांडी) मागे ओढलेलं, फ्युएल सिलेक्टर बंद, चावी काढून टांगलेली, चाकांना अडसर (चॉक) लावलेले. आणि तरीही पंख्याच्या फेऱ्यात उभं राहायचं नाही. वरच्या चारही लीड, म्हणजे मॅग्नेटोकडून प्लगला येणाऱ्या वायर, सुटल्या म्हणून सिलिंडर पेटणार नाही असं समजू नकोस, खालच्या अजून जोडलेल्या असतात.

आता धूळ. हा मुद्दा पुस्तकात एका ओळीत असतो, आपल्याकडे तो एका परिच्छेदाचा आहे. मे महिन्यात दुपारी वावटळ उठली की पत्र्याच्या हॅंगरमध्ये बारीक माती कुठेकुठे जाऊन बसते, ते काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडल्यावर कळतं. वरचा प्लग ज्या खोलगट जागेत बसलेला असतो तिथे ही माती गोळा होते. प्लग काढला की ती सरळ सिलिंडरात. पिस्टन रिंगला वाळू चाटली की पुढचे शंभर तास तेल जळत राहतं आणि कारण कुणाला सापडत नाही. म्हणून आधी प्लगभोवती कोरडी हवा मार, डोळ्यावर गॉगल लावून. आणि हे काम सकाळी सहा-सातला कर. एक तर इंजिन रात्रभर थंड झालेलं असतं, दुसरं म्हणजे वारा अजून सुटलेला नसतो. दुपारी चव्वेचाळीस अंशांत घामाचे थेंब नाकावरून थेट प्लगच्या भोकात पडतात, हे मी चेष्टेने सांगत नाही.

लीड काढणं ही पहिली जागा, जिथे नवीन पोरगं चुकतं. प्लगच्या वरच्या टोकाला बॅरल, म्हणजे पोकळ नळकांडं असतं, त्यात लीड जाते आणि एका नटाने आवळलेली असते. हा नट जुन्या पद्धतीच्या बॅरलला पाऊण इंच पान्याचा, दुसऱ्याला सातअष्टमांश इंचाचा. नट फिरवताना लीडचा एल्बो, म्हणजे टोकाजवळचा वाकडा भाग, फिरता कामा नये. म्हणजे दोन पाने: एकाने एल्बो धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट सोडायचा. एका पान्याने काम केलंस तर नटाबरोबर आतली वायर पिळते. बाहेरून काही दिसत नाही, पण आत जाळीदार आवरणाचे धागे तुटतात आणि सहा महिन्यांनी रेडिओत खरखर सुरू होते.

नट सुटला की लीड सरळ ओढायची, वाकडी नाही. तिच्या टोकाला पांढऱ्या सिरॅमिकची छोटी नळी आणि स्प्रिंग असते, तिला आम्ही सिगारेट म्हणतो. वाकडी ओढलीस तर ती बॅरलच्या कडेला आपटून मोडते. आणि तिला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम आणि तेल त्यावर राहिलं की हजारो व्होल्टला तोच रस्ता सापडतो आणि ठिणगी टोकापर्यंत जाण्याऐवजी बॅरलमध्येच कडेने उडते. बॅरलच्या आत काळी रेघ दिसली तर समज, हेच झालंय.

प्लग काढायला सातअष्टमांश इंचाचं, सहा कोनी, खोल सॉकेट. बारा कोनी नको. बारा कोनी सॉकेट जरा तिरकं झालं की षट्कोनाच्या कडा खातं आणि बॅरल वाकवतं. बॅरलच्या आत सिरॅमिक आहे. ते वाकत नाही, तडकतं. सॉकेट पूर्ण खाली बसव, रॅचेटचं डोकं एका हाताने दाबून धर, आणि एका दमात पण संथपणे जोर दे.

इथे तुझा गॅरेजचा हात कामाचा. आटे सुटताना कसे लागतात हे तुला सांगावं लागणार नाही. कडकडून सुटला आणि मग मऊ फिरला तर ठीक. सगळीकडे सारखाच जड फिरत असेल तर थांब. विमानाचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, आणि प्लगच्या भोकात स्टीलच्या तारेचं हेलिकॉइल बसवलेलं असतं. प्लग जाम असताना जोर लावला तर प्लगबरोबर हेलिकॉइलही बाहेर येतं. मग ते नवीन बसवण्याचं काम तुझं नाही, परवान्यावर सही करणाऱ्याचं. भेदक तेल टाकून थांबायचं, किंवा प्लगला कार्बन डायऑक्साइडने थंड करायचं म्हणजे तो आकसतो. पण ते सरांना विचारून.

सुटलेला प्लग हातात घेतल्यावर पहिली गोष्ट: तो कुठून आला ते हरवू द्यायचं नाही. लाकडाची फळी घे, आठ भोकं पाड, प्रत्येकाखाली लिही: एक वर, एक खाली, दोन वर, दोन खाली, असं चारपर्यंत. प्लग काढला की त्याच भोकात. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकाच सिलिंडरची गाडी असते, एकच प्लग, त्यामुळे ही सवय लागलेली नसते. इथे प्लग म्हणजे त्या सिलिंडरचा रिपोर्ट आहे. नाव पुसलं की रिपोर्ट कचरा. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात सिलिंडर पुढून, पंख्याकडून मोजतात: बसलेल्या पायलटच्या उजवीकडे एक आणि तीन, डावीकडे दोन आणि चार. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात मोजणी मागून. हे उलटं झालं तर तिसऱ्या सिलिंडरचं दुखणं पहिल्यावर जातं.

उघडी भोकं लगेच बंद कर. त्यासाठी प्लास्टिकची टोपणं मिळतात. ती नसतील तर मोठं, स्वच्छ कापड, ज्याचं टोक बाहेर लोंबेल असं. छोटा बोळा कधीच नाही. आणि काम दुपारीच संपणार असलं तरी भोकं बंद ठेव, कारण आपल्याकडे कुंभारीण माशी फार लवकर घर बांधते. पिटो ट्यूबमध्ये, म्हणजे विमानाचा वेग मोजणाऱ्या नळीत, तिचं मातीचं घर मी स्वतः पाहिलंय, विमान फक्त एक आठवडा उभं होतं.

आता आठ प्लग फळीवर. हा माझा आवडता भाग. पाच मिनिटं काही करू नकोस, फक्त बघ. गॅरेजमध्ये शिकलेलं इथे जसंच्या तसं लागू पडतं: फिक्कट तपकिरी, राखाडी म्हणजे तब्येत बरी, कोरडी काळी काजळी म्हणजे मिक्श्चर समृद्ध (हवेच्या मानाने इंधन जास्त) किंवा इंजिन जास्त वेळ आयडलवर, ओला, चिकट काळा म्हणजे तेल. एकाच सिलिंडरचे दोन्ही प्लग तेलकट निघाले तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे बघावं लागेल, आणि प्लग बाहेर आहेत तोवर बोअरस्कोप घालून आत डोकावता येतं. कॉम्प्रेशन टेस्टसुद्धा तेव्हाच उरकतात.

पण एक गोष्ट बाबांच्या दुकानात तुला दिसणार नाही: प्लगच्या आतल्या खळग्यात बसलेले राखाडी, चमकणारे, खडीसाखरेच्या बारीक कणांसारखे गोळे. ते शिसं आहे. आपल्याकडे गाड्यांच्या पेट्रोलमधून २००० साली शिसं देशभर हद्दपार झालं, विमानाच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये अजून आहे. नावात "लो लेड" असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इंडियन ऑइलने देशात बनवलेलं १०० एलएल बाजारात आणलं, ते आपल्या शेजारच्या वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार होतं. पण देशी असो की आयात केलेलं, शिसं तेच.

या शिशाला धुरातून बाहेर काढायला पेट्रोलमध्येच इथिलीन डायब्रोमाइड घातलेलं असतं. ते काम करतं ते प्लगचं नाक, म्हणजे सिलिंडरातलं सिरॅमिकचं टोक, पुरेसं गरम असेल तरच. शिकाऊ विमान दिवसभर काय करतं? टॅक्सी (जमिनीवर चालत जाणं), वाट बघणं, सर्किट (धावपट्टीभोवती एक फेरी), उतरणं, पुन्हा टॅक्सी. कमी आरपीएमवर, समृद्ध मिक्श्चरवर प्लग थंड राहतो, शिसं निघत नाही, थेंब होऊन साचतं. आणि इंजिन आडवं असल्यामुळे प्रत्येक सिलिंडरला एक प्लग वर, एक खाली. तेल आणि शिसं खाली येतं, खालच्या प्लगमध्ये. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. सेसना १५२ च्या ओ-२३५ इंजिनात हे दुखणं इतकं होतं की त्याला नाक पुढे आलेला प्लग, आरईएम ३७ बीवाय, वापरतात. त्याचं टोक सिलिंडरात जास्त आत जातं आणि गरम राहतं. पायलट लोकांना सांगता आलं तर सांग: जमिनीवर ६००-७०० आरपीएमवर उभे राहू नका, १,००० ते १,२०० वर ठेवा, आणि बंद करण्याआधी १,८०० वर पंधरा-वीस सेकंद चालवून मग १,२०० ला आणून मिक्श्चर ओढा. ही लायकॉमिंगचीच शिफारस आहे. ऐकतील की नाही, देव जाणे. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणाऱ्यांत पायलटांचा नंबर बराच वर आहे.

साफ करताना घाई नको. आधी प्लग सॉल्व्हंटने धुऊन पूर्ण कोरडा कर. ओल्या प्लगवर ब्लास्टिंग (हवेच्या जोराने बारीक कण मारणं) केलं तर वाळू चिकटून बसते. शिशाचे गोळे टोकदार पिकने किंवा कंपन करणाऱ्या टूलने अलगद काढ. पिकचं टोक सिरॅमिकच्या नाकावर टेकवून रेटायचं नाही. कडेकडेने, जणू कानातला मळ काढतोयस असं. मग ब्लास्टर दोन-चार सेकंद, तेवढंच. सिलिका वाळू टाळ, तिचा काचेसारखा थर नाकावर राहतो आणि प्लग पुन्हा चुकायला लागतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरतात. नंतर हवा मारून एकही कण उरला नाही हे भिंगाने बघ. तारेचा ब्रश आट्यांपुरता.

मग गॅप. जाड इलेक्ट्रोडच्या प्लगला साधारण ०.०१६ ते ०.०२१ इंच, तारेच्या गोल गेजने मोजायचा. बाबांच्या दुकानातलं पात्यांचं फिलर गेज इथे फसवतं, कारण इलेक्ट्रोड गोलाईत झिजलेला असतो आणि सपाट पातं त्या खळग्यात जातच नाही. गॅप फक्त बाहेरच्या इलेक्ट्रोडला आत ढकलून कमी करायचा, खास टूलने. आणि टूल फिरवताना गेज मध्ये ठेवायचं नाही. बाहेरचा इलेक्ट्रोड गेजला दाबतो, गेज मधल्याला, मधला सिरॅमिकला, आणि सिरॅमिक तडकतं. चुकून जास्त आत गेला तर परत बाहेर ओढण्याचा प्रयत्न करू नकोस. तो प्लग गेला. महाग आहे हे मला माहीत आहे. तरीही गेला. इलेक्ट्रोड मूळ जाडीच्या निम्म्यावर आला असेल तरी गेलाच.

मीटरने रोधही बघ: बॅरलच्या तळातल्या संपर्कापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत. ५,००० ओहमच्या वर गेला तर प्लग बाद. असा प्लग दिसायला नवा कोरा असतो, ठिणगीही देतो, पण मॅग्नेटोला उगाच जास्त व्होल्टेज चढवावं लागतं आणि मग बिल मॅग्नेटोचं येतं.

पडलेल्या प्लगबद्दल आता सांगतो, कारण हे माझ्या स्वतःच्या हातून झालंय. उमेदवारीतली गोष्ट. फळीवरून एक प्लग घरंगळला आणि हॅंगरच्या सिमेंटवर पडला. ठण्ण असा आवाज, फार मोठा नाही. उचलला, बघितला, कुठे काही नाही. फडक्याने पुसला, गॅप मोजला, बरोबर. कुणी पाहिलं नव्हतं. बसवला. रन-अपला, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून एकेका मॅग्नेटोच्या तपासणीला, १,८०० आरपीएमवर एका मॅग्नेटोवर ७० चा ड्रॉप (आरपीएम ७० ने खाली), दुसऱ्यावर २०० च्या पुढे आणि सगळं विमान थरथरायला लागलं. सेसना १७२ एसला कुठल्याही मॅग्नेटोवर १५० पेक्षा जास्त आणि दोघांत ५० पेक्षा जास्त फरक चालत नाही. माझ्या सरांनी इंजिन त्याच खराब मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवायला लावलं, बंद केलं, आणि लगेच एक्झॉस्टच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब शिंपडले. तीनवर थेंब चर्रकन उडाले. चौथ्यावर नुसते ओघळले. थंड सिलिंडर सापडला, म्हणजे प्लगही सापडला.

प्लग काढून सरांनी भिंग माझ्या हातात दिलं. नाकाच्या मुळाशी केसाएवढी चीर होती, पिवळट. सर चोपड्याकडचे, चिडले की अहिराणीत उतरायचे. "भो, हाई काय शे?" (भाऊ, हे काय आहे?) एवढंच विचारलं. मी सांगून टाकलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. प्लग व्हाइसमध्ये धरला, हातोडीने बॅरल मोडलं आणि तुकडे मला खिशात ठेवायला दिले. चीर पडलेलं सिरॅमिक तापून लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतं, किंवा तुकडा सुटून पिस्टनवर पडतो. हे जमिनीवर कळलं, हे माझं नशीब. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला एकच नियम: प्लग पडला तर आवाज ऐकलेला माणूस बोलणार, आणि तो प्लग मोडून टाकायचा. नुसता कचऱ्यात टाकला तर कुणीतरी हौशी माणूस उचलून परत रॅकवर ठेवतो.

बसवायच्या आधी प्लगांची अदलाबदल. हे गॅरेजमध्ये नसतंच. मॅग्नेटोची एक ठिणगी धन, पुढची ऋण, अशी आलटून पालटून जाते. चार सिलिंडर म्हणजे सम आकडा, त्यामुळे प्रत्येक प्लगला दरवेळी एकच दिशा मिळते. एकात मधला इलेक्ट्रोड झिजत राहतो, शेजारच्यात बाहेरचा. म्हणून प्लग फायरिंग ऑर्डरमधल्या (सिलिंडर पेटण्याच्या क्रमातल्या) पुढच्या सिलिंडरात हलवायचा, म्हणजे दिशा उलटते, आणि वरचा खाली, खालचा वर करायचा, म्हणजे घाण होण्याची पाळीही बदलते. फायरिंग ऑर्डर १-३-२-४. म्हणजे एक वरचा जातो तीन खाली, तीन खालचा दोन वर, दोन वरचा चार खाली, चार खालचा परत एक वर. उरलेले चारही याच क्रमाने. फळीवर खडूने बाण काढ, डोक्यात ठेवू नकोस. जाताना एकदा प्लगचा नंबरही बघून घे. लायकॉमिंगच्या सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०४२ मध्ये कोणत्या इंजिनाला कोणते प्लग चालतात याची यादी आहे. एखाद्याने मागच्या वेळी भलताच बसवलेला सापडतो, माझ्याकडे दोनदा सापडलाय.

आता ती जागा, जिथे तुझ्या हातावर माझा विश्वास नाही. राग मानू नकोस.

प्लगखाली नवीन तांब्याचा वायसर. जुना एकदा दाबला गेला की कडक होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. ज्या प्लगखाली सिलिंडर हेडचं तापमान मोजणारा वायसरसारखा प्रोब आहे तिथे वेगळा वायसर घालायचा नाही. आट्यांवर अँटी-सीझ, अगदी थोडी, आणि टोकाकडचा पहिला आटा मोकळा सोडून. यात ग्रॅफाइट असतं आणि ते वीज वाहून नेतं. वितळून इलेक्ट्रोडवर आलं की प्लग शॉर्ट. मी पोरांना सांगतो, काजळाची काडी फिरवतोस तेवढंच.

मग प्लग बोटांनी फिरवत न्यायचा, वायसर टेकेपर्यंत. खालच्या प्लगला हात पोहोचत नाही, तिथे बॅरलवर रबरी नळीचा तुकडा चढव आणि नळीने फिरव. आटा तिरका पकडला तर नळी घसरते, पुढे जातच नाही, आणि तुला तिथेच कळतं. रॅचेटला ते कळत नाही. तो तिरका आटाही सरळ करून टाकतो, म्हणजे हेलिकॉइल फाडतो. बोटांनी जात नसेल तर काढ, आटे साफ कर, पुन्हा लाव. अठरा मिलिमीटरचा थ्रेड क्लीनिंग टॅप असतो, त्याच्या खाचांत ग्रीस भरून फिरवतात, म्हणजे घाण ग्रीसला चिकटून बाहेर येते.

आणि मग टॉर्क रेंच. लागतोच. लायकॉमिंगला ३५ फूट-पौंड, म्हणजे ४२० इंच-पौंड, म्हणजे साधारण ४७ न्यूटन-मीटर. कॉन्टिनेन्टलच्या छोट्या इंजिनांना २५ ते ३०. शेवटचा शब्द तुझ्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. "हाताला कळतं" हे मी हजारदा ऐकलंय. हाताला काय कळतं, तर शेवटी किती जड लागलं. पण जड वायसरमुळे लागलं, घाण आट्यांमुळे लागलं की खरा ताण बसल्यामुळे, हे हाताला कळत नाही. सैल राहिला तर प्लगची उष्णता वायसरमधून हेडमध्ये जात नाही, नाक तापत जातं, वर गॅस गळून आटे जळतात. जास्त आवळला तर प्लगचं कवच ताणलं जातं, आतलं सिरॅमिक ढिलं होतं, आणि पुढच्या शंभर तासांनी काढणाऱ्याच्या हातात हेलिकॉइल येतं. बहुतेक वेळा तो काढणारा तूच असशील.

रेंचचा क्लिक एकदा आला की थांब. अजून एकदा खात्रीसाठी क्लिक केला की आकडा गेला. आणि एकक बघ. एका विमानाच्या प्लगबद्दल मला असंच विचारलं होतं, "सर, सगळे सैल कसे?" बसवणाऱ्याने रेंच न्यूटन-मीटरवर ३५ ला लावला होता. म्हणजे जेमतेम २६ फूट-पौंड.

लीड बसवताना सिगारेट आणि बॅरलचा आतला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या स्वच्छ कापडाने पूस, वाळू दे, लीड सरळ आत घाल. नट बोटांनी पूर्ण, मग पान्याने साधारण एकअष्टमांश फेरा, पुन्हा दुसऱ्या पान्याने एल्बो धरून. इथेही गॅरेजचा हात फसवतो: हा नट बारीक वाटतो म्हणून पोरं जोर काढतात आणि बॅरलच मोडतं. लीडचे नंबर बघ. बहुतेक इंजिनांत एकाच मॅग्नेटोकडे काही वरचे आणि काही खालचे प्लग असतात. खालच्या लीड एक्झॉस्टला चिकटत नाहीत ना, क्लॅम्पमध्ये घासत नाहीत ना, बोटाने सगळीकडे चाचपून बघ.

मग हत्यारं मोजायची, टोपणं मोजायची. आठ काढली होतीस, आठ हातात आली का? नंतर इंजिन सुरू, गरम, मॅग्नेटो तपासणी, बंद, पुन्हा काऊलिंग उघडून गळती आणि नटांवर एक नजर. लॉगबुकमध्ये प्लगांचे नंबर, कोणता कुठून कुठे गेला, टॉर्क, रेंचचा कॅलिब्रेशन नंबर. सही परवानाधारक एएमईची. तुझं नाव त्यात नसेल, पण काम तुझं असेल.

राहिला बाबांचा टॉर्क रेंच. नेऊ नकोस. तो चांगला असेल, पण त्याच्या कॅलिब्रेशनचा कागद तुझ्याकडे नाही, आणि कागद नसलेल्या रेंचने आवळलेला प्लग ऑडिटला न आवळल्यासारखाच. हॅंगरच्या टूल क्रिबमधून (हत्यारांच्या खोलीतून) कॅलिब्रेशनची तारीख न संपलेला रेंच सही करून घे. बाबांच्या दुकानातून मात्र रबरी नळीचा एक वीतभर तुकडा घेऊन जा, प्लगच्या बॅरलवर घट्ट बसेल असा. तोही टूल रजिस्टरला नोंदव. संध्याकाळी मोजताना तो इंजिनावर राहिला, असं व्हायला नको.